अर्धवट राहिलेलं व्याख्यान

कोलोनला कुणाचे सासू-सासरे आले की त्यांना काय काय दाखवायचं, हे आम्हा मराठी सुनांमध्ये ठरून गेलेलं आहे. ते काळंकभिन्न कॅथेड्रल, ऱ्हाईनवरची बोट, चॉकलेटचं म्युझियम आणि शेवटी पुलावर प्रेमिकांनी लावलेली कुलपं, जी बघून झाडून सगळे सासरे लोखंडाच्या भावाबद्दल बोलतात. माझ्या सासऱ्यांचं हे सगळं पहिल्याच आठवड्यात झालं. कुलपांबद्दलही बोलून झालं. मग ते खुर्ची ओढून खिडकीपाशी जे बसले, ते पुढचे तीन महिने तिथेच बसणार अशी माझी खात्री पटली.

२०१५ सालचा ऑक्टोबर होता. माझी नणंद अपूर्वा पुण्यात बाळंत व्हायची होती म्हणून सासूबाई तिकडे मुक्कामाला गेल्या होत्या. घरी राहिलेल्या नवऱ्याला चहासुद्धा करता येत नाही हे लक्षात घेऊन त्यांनी त्याला थेट जर्मनीला धाडून दिलं. माझा नवरा सिद्धांत नेकारसुल्मला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. सोमवारी पहाटे जातो तो शुक्रवारी रात्री उगवतो. म्हणजे वडील त्याचे आणि सांभाळायचे मी. मी एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते, त्यात अजून एकाची भर.

असं म्हणते खरी, पण बाबांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. जयंतराव म्हटलं की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात दोन गोष्टी आठवतात, त्यांचं औषधांचं दुकान आणि हेमंत व्याख्यानमाला. संक्रांतीच्या आठवड्यात हायस्कूलच्या हॉलमध्ये पाच संध्याकाळी पाच व्याख्यानं, सगळ्यांना फुकट. पत्रिकेत त्यांना पुष्पं म्हणायचं, पुष्प पहिलं, पुष्प दुसरं. बाबा आधी चिटणीस आणि नंतर अध्यक्ष. वक्त्याला स्टँडवर आणायला जाण्यापासून माइकला ‘हॅलो, हॅलो’ करण्यापर्यंत सगळं तेच करायचे. मी लग्न होऊन त्या घरात गेले ती जानेवारीत. सून म्हणून माझं पहिलं काम होतं वक्त्याच्या घशासाठी कोमट पाणी आणि खडीसाखर स्टेजवर पोचवणं. दुकानात दिवसभर खोकल्याची औषधं विकणारा हा माणूस संध्याकाळी परीटघडीचा सदरा घालून दारात उभा राहायचा आणि ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचा. असे सासरे मिळाले याचा मला अभिमान वाटला होता, अजून वाटतो.

ती व्याख्यानमाला बंद पडायच्या बेतात होती.

झालं होतं असं. २०१४च्या जानेवारीत तिसरं पुष्प होतं प्राध्यापक चंद्रशेखर पेठे यांचं. पेठे भूगर्भशास्त्राचे. विषय ‘आपल्या पायाखाली’. हल्ली गर्दी जमत नाही म्हणून कमिटीतल्या कुणीतरी शक्कल लढवली, की ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना हजेरी लावून बसवायचं. मुलं आली. काळ्या दगडाचे थर एकावर एक कसे साचले ते पेठे सांगत होते, आणि फार सावकाश सांगत होते. अर्ध्या तासाने मागच्या रांगेत एकाने बाक वाजवला. मग दुसऱ्याने, मग सगळ्या हॉलने. आपल्याकडे कॉलेजात गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. बाकं वाजायला लागली म्हणजे वक्त्याने आता आवरतं घ्यावं.

बाबा तडक स्टेजवर गेले. टेबलावरची शाल पेठ्यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, माइकवर दोन वाक्यांत आभार मानले आणि त्यांना धरून मागच्या दाराने गाडीत नेऊन बसवलं. जाता जाता मुलांना म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत मी वक्त्याचा अपमान होऊ देणार नाही.” गावात अजून त्याबद्दल त्यांचं नाव काढतात. बाबांनी मात्र उरलेली दोन पुष्पं रद्द केली, पुढच्या वर्षी मालाच झाली नाही, आणि तेव्हापासून ते स्वतः कुठल्याही व्याख्यानाला गेले नाहीत. पेठ्यांना त्यांनी एकदाही फोन केला नव्हता. कुठल्या तोंडाने करू, म्हणायचे.

आता यंदाही खंड पडला तर माला कायमची बंद करायची, असं कमिटीचं ठरत आलं होतं. अडलं होतं फक्त अध्यक्षांच्या होकारावर, आणि अध्यक्ष माझ्या खिडकीत बसले होते. दर रविवारी लताताईंचा फोन यायचा. लताताई म्हणजे गावातल्या वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल आणि मालेच्या आताच्या चिटणीस.

“काय ठरवलंत, जयंतराव? हायस्कूलवाले विचारताहेत. हॉल दुसऱ्याला द्यायचा म्हणतात.”

“देऊन टाका म्हणावं,” बाबा म्हणायचे. “जिथे ऐकणारा उरला नाही तिथे बोलणाऱ्याला बोलावून त्याची विटंबना कशाला करायची?”

“म्हणजे बंद करू? तसं लिहू?”

इथे बाबा थांबायचे. मग “पुढच्या रविवारी सांगतो,” म्हणून फोन ठेवायचे. हे ऐकताना मला फार वाईट वाटायचं. तीस वर्षं खपून उभी केलेली गोष्ट माणूस आपल्याच हाताने मिटवायला निघाला होता, आणि त्याला ते करवतही नव्हतं.

माझी गुरुवारची संध्याकाळ ठरलेली असते. इथल्या विद्यापीठात हिवाळ्यातल्या दर गुरुवारी पृथ्वीविज्ञानावर व्याख्यान असतं. कुणीही यावं, तिकीट नाही, नाव नोंदवायचं नाही. ऑफिसातल्या एका बाईंनी मला पहिल्यांदा नेलं. मी गेले ती घरी एकटीने भिंती बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून, आणि मग चटकच लागली. मी काही या विषयातली नव्हे. ज्वालामुखी म्हणजे काय हे शाळेत शिकून विसरलेली मी एक सामान्य बाई. पण ती माणसं सांगतात असं, की घरी येताना ट्रामच्या रुळांखाली काय असेल याचा विचार डोक्यात घोळत राहतो.

बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, “मला जर्मन कुठे येतं?” मी म्हटलं, चित्रं असतात, बाकीचं मी सांगेन. ते म्हणाले, “नको गं, ऊर्मिला. व्याख्यानं झाली माझी.” मग मी शेवटचं अस्त्र काढलं.

“बाबा, येताना अंधार असतो. एकटीने यावं लागतं. सिद्धांत इथे नसतो.”

हे साफ खोटं होतं. आमच्या भागात अंधारात भेटतात ते फक्त कुत्री फिरवणारे आजोबा. पण बाबा ताबडतोब उठले, कानटोपी चढवली आणि माझ्या संरक्षणासाठी निघाले.

सहाचं व्याख्यान म्हणून त्यांनी मला साडेपाचलाच तिथे नेलं. हॉल उतरत्या पायऱ्यांचा, सिनेमागृहासारखा, प्रत्येक रांगेपुढे लाकडी फळी. बाबांची आयोजकाची नजर लगेच कामाला लागली. फलक कुठाय? दारात स्वागताला कुणी कसं नाही? समई नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या नाहीत, साधी फुलदाणी नाही. सहा वाजले तरी स्टेजवर चिटपाखरू नाही हे बघून त्यांचा चेहरा जरा खुलला.

“इथेही उशीर होतो तर,” ते म्हणाले.

“उशीर नाही बाबा. विद्यापीठाची पद्धत आहे. सहा म्हणजे सव्वासहा.”

“आणि लोकांना ते ठाऊक असतं?”

“जा, गेनाऊ,” मी म्हणून गेले. “म्हणजे हो, अगदी तसंच.”

बरोबर सव्वासहाला एक साठीच्या बाई आल्या. पायात चिखल लागलेले बूट, हातात प्लॅस्टिकची बादली. बाबांना वाटलं, झाडलोट करायला आल्या. त्या होत्या फ्राउ लिंडनर, त्या दिवशीच्या वक्त्या. परिचय नाही, प्रास्ताविक नाही. बादली टेबलावर ठेवून त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि मान वळवून बघते तो हॉल भरलेला. ओले कोट मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी माणसं, विद्यार्थी, विणकाम करणाऱ्या एक आजी, डब्यातला पाव खात असलेला एक माणूस.

बादलीत ऱ्हाईनचे गोटे होते. कोलोनच्या खालची जमीन लाखो वर्षं हळूहळू खचत आली आहे, आणि ती जसजशी खचली तसतशी नदी वरून दगडगोटे आणून तिथे भरत गेली, असं त्या सांगत होत्या. आपण सगळे त्या भरावावर बसलेलो आहोत. मग त्यांनी गोटे रांगारांगांतून फिरवायला दिले. हा पांढरा जवळच्या डोंगरातला. हा भोकाभोकांचा आयफेल नावाच्या डोंगराळ भागातल्या ज्वालामुखीतला. हा लालसर थेट आल्प्समधून आलेला, झिजत झिजत. गोटा हातातून हातात येत होता आणि प्रत्येक जण तो उलटून बघून मगच पुढे देत होता. कुणी घाई करत नव्हतं. मी बाबांच्या कानात कुजबुजत होते. थोड्या वेळाने पुढच्या गृहस्थांनी वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा बाबाच म्हणाले, “राहू दे. कळतंय मला.” ते वक्त्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत होते. इतकी वर्षं वक्ते आणलेला माणूस, त्याला ऐकणाऱ्यांचीच भूक होती.

फ्राउ लिंडनर थांबल्या, थोडं हसल्या, आणि हॉलने बाकं वाजवायला सुरुवात केली.

आता यात चूक माझी. जर्मनीतल्या विद्यापीठांत टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने समोरची फळी ठोकतात, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की त्यांना आधी सांगायचं मला सुचलंच नाही. दोनशे माणसं ठकठक, ठकठक ठोकत होती. त्या विणकामवाल्या आजीसुद्धा. मी पण. आणि बाबा लालबुंद होऊन उभे राहिले.

“शांतता! कृपया शांतता राखा!”

तो आवाज मी हायस्कूलच्या हॉलमध्ये ऐकला होता. जर्मन माणूस मुळात सांगितलेलं ऐकणारा, भाषा कुठलीही असो. सगळा हॉल गप्प झाला. मी त्यांचा हात धरेपर्यंत बाबा पायऱ्या उतरून खाली पोचले होते. फ्राउ लिंडनरसमोर त्यांनी हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, मी सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतो. तुम्ही फार उत्तम बोललात. प्लीज कम. मी तुम्हाला बाहेर सोडतो.” आणि दाराकडे हात करून उभे राहिले.

त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेले असते. खाली काय काय लागतं याची माहितीही नुकतीच मिळाली होती.

फ्राउ लिंडनर जागच्या हलल्या नाहीत. “पण माझं अजून संपलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आता तर प्रश्न आहेत.”

मी धापा टाकत पोचले आणि दोन भाषांत खुलासे केले. एकीकडे बाबांना, की अहो बाबा, या टाळ्या आहेत. दुसरीकडे बाईंना, की आमच्याकडे याचा अर्थ नेमका उलटा होतो. बाई ते ऐकून खळखळून हसल्या, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. त्यांनी ते सगळ्या हॉलला समजावून सांगितलं. या गृहस्थांना वाटलं की तुम्ही मला हाकलताय, आणि ते मला वाचवायला आले. त्यावर हॉलने पुन्हा बाकं वाजवली, या खेपेला बाबांसाठी, आणि चांगली जोरात. हा आपला गौरव आहे की आपल्याला खाली बसवताहेत हे बाबांना कळेना. ते हात जोडूनच पायऱ्या चढून जागेवर आले.

व्याख्यान संपल्यावर बाहेर कोट चढवत होतो तेव्हा फ्राउ लिंडनर आमच्याकडे आल्या. तुमच्याकडे असं खरंच कधी झालं होतं का, त्यांनी विचारलं. बाबांनी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, अडलं तिथे मी भर घातली. गाव, माला, मुलं, बाकं, शाल, नारळ. काळ्या दगडाच्या थरांचा उल्लेख आला तशा बाईंनी बाबांचा दंडच धरला.

“डेक्कनचा बसॉल्ट? तुम्ही त्यावर राहता? मी आयुष्यभर फोटोच बघितलेत.” लहान मुलीने दुसऱ्याच्या खाऊकडे बघावं तसं त्या बाबांकडे बघत होत्या. “मग पुढे काय सांगितलं त्यांनी?”

“पुढे काही नाही. मी त्यांना गाडीत बसवलं.”

“हो, ते समजलं. पण पुढे काय सांगणार होते ते?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू माझ्या भाषांतरात काही घोळ झाला होता. भाषांतर बरोबर होतं.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

“अरेरे,” बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून हळहळ वाटली. झाल्या अपमानाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. राहून गेलेल्या अर्ध्या व्याख्यानाचंच त्यांना वाईट वाटत होतं.

परतीच्या ट्राममधून उतरताना बाबा एवढंच म्हणाले, “तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही नाही कुणाला विचारला.”

पुढच्या गुरुवारी माझ्या आधी तेच कानटोपी घालून तयार. मग एकही गुरुवार आम्ही चुकवला नाही. ऑफिसातून यायला मला उशीर झाला तर ते एकटे ट्रामने जाऊन दोन जागा धरून बसायचे. शेजाऱ्याला “बेझेट्झ्ट,” म्हणजे जागा धरलेली आहे, असं ठणकावून सांगायचे. त्यांना येणारा हा एकमेव जर्मन शब्द होता आणि तो त्यांना पुरत होता.

त्या गुरुवारांनी मला माझे सासरे नव्याने दाखवले. मी विषय ऐकायचे, ते रीत बघायचे. एकदा भूकंपांवर व्याख्यान होतं. मागून एका वृद्ध गृहस्थांनी, जे जन्मभर इथल्या कोळशाच्या खाणीत होते, काहीतरी अडचणीचं विचारलं. वक्ता तरुण होता. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “हे मला माहीत नाही. कुणालाच अजून नक्की माहीत नाही.” त्यावर लोकांनी फळ्या ठोकल्या.

“तो काय म्हणाला?” बाबांनी विचारलं.

“म्हणाला, मला माहीत नाही.”

“आणि त्याबद्दल हे?” बाबांनी पण मूठ आवळून फळीवर दोनदा ठोकलं, दुकानाच्या फळीवर ठोकावं तसं. “अगं, आमच्याकडे एक वक्ता असं म्हणाला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.”

घरी येताना ते हिशेब मांडायचे. इथे भाषण कमी आणि दगड जास्त. इथे वक्त्याला हार नाही, पण पाण्याचा पेला तो स्वतः भरून घेतो आणि त्यात त्याचा कमीपणा होत नाही. इथे अध्यक्षच नाहीत. हे सांगताना अध्यक्ष स्वतःशीच हसायचे. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. सत्तरीच्या माणसाला आपली जन्मभराची पद्धत बाजूला ठेवून दुसऱ्याची अशी निरखता येणं सोपं नाही. मला चाळिशीतच जमत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र एक वक्ते आले ते भयंकर कंटाळवाणे. धुळीच्या थरांवर बोलत होते आणि कागदातून मान वर करत नव्हते. माझ्या शेजारचा विद्यार्थी झोपला. मी मनात भाजीची यादी करत होते. बाबा सारखे मागे वळून रांगांकडे बघत होते. मला कळलं ते कशाची वाट बघताहेत. पण कुणी काही वाजवलं नाही. कुणी उठलं नाही. अगदी शेवटी त्या गृहस्थांनी एक चित्र लावलं. आयफेलमधल्या एका तळ्याच्या गाळाची उभी कापलेली कांडी, वहीच्या रेघांसारखी, एकेक रेघ एकेका वर्षाची. ते बोट ठेवून सांगू लागले, हा दुष्काळ, हा पूर, इथे जंगल जळलं, इथे माणसांनी पहिल्यांदा शेत केलं. झोपलेला विद्यार्थी उठून बसला. माझी भाजी राहिली.

“शेवट चांगला होता, नाही?” बाहेर आल्यावर बाबा म्हणाले.

“शेवटच चांगला होता,” मी म्हटलं.

“तिथपर्यंत जाऊ दिलं म्हणून,” ते म्हणाले.

त्या रविवारी लताताईंचा फोन आला. हायस्कूलने आता आजचीच मुदत दिली होती. “हो की नाही ते सांगा, जयंतराव. मी दमले आता.”

“तासाभरात सांगतो,” बाबा म्हणाले. “आधी मला पेठ्यांचा नंबर द्या.”

सिद्धांत घरी होता. तो काही बोलणार होता, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबांनी नंबर लावला. ते फोन नेहमी तोंडापासून हातभर लांब धरतात, त्यामुळे स्पीकर लावावा लागतो आणि घरात कुणाचंच काही लपून राहत नाही.

“पेठे बोलतोय.”

बाबांनी आपलं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. मग पेठे म्हणाले, “हां. बोला.”

“पेठेसाहेब, त्या दिवशी आमच्या गावाने तुमचा जो अपमान केला त्याबद्दल अध्यक्ष म्हणून मी...”

“कसला अपमान?”

“मुलांनी बाकं वाजवली ना.”

“अहो, पस्तीस वर्षं कॉलेजात शिकवलंय मी. बाकं वाजवली नाहीत असा एक वर्ग दाखवा मला. थोडा वेळ वाजवतात, हात दुखले की थांबतात. मी गप्प उभा होतो ना? त्यांचं व्हायची वाट बघत होतो.”

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग तुम्ही आलात. खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे एकदा नारळ हातात पडल्यावर माणूस पुढे बोलणार कसा?”

बाबा खुर्चीवर बसले. सिद्धांत त्यांच्याजवळ जायला निघाला तसा त्यांनी हाताने त्याला थांबवलं.

“पुढे काय सांगणार होता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“पुढे तुमचं गावच होतं. आधी दोन दिवस येऊन तुमच्या ओढ्याच्या कडेने हिंडलो होतो मी. गावाच्या पूर्वेला बोअर का कोरड्या जातात, पाणी कुठल्या थरात मुरतं, कुठे अडवलं तर विहिरींना लागेल, सगळं काढून आणलं होतं. त्यातल्या कितीतरी मुलांच्या घरच्या विहिरींचे फोटो होते माझ्याकडे. ते बघून बसली असती हो ती मुलं. पण आधी थरांचं सांगितल्याशिवाय ते कळणार कसं? मला सुरुवातीला वेळ लागतो. बायकोही हेच म्हणते.”

आमच्या परसातली बोअर गेल्या उन्हाळ्यात कोरडी गेली होती. हे पेठ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमचं घर गावाच्या पूर्वेला आहे.

“तुम्हाला मी थांबवलं,” बाबा म्हणाले. “मुलांनी नाही. मी थांबवलं. आणि जवळजवळ दोन वर्षं मी त्यांना दोष देत बसलो.”

पेठ्यांनी ‘छे छे, तसं काही नाही’ म्हटलं नाही. ते म्हणाले, “हो. तेव्हा जरा वाईट वाटलं होतं मला.”

“या जानेवारीत याल का?”

“कितवं पुष्प?”

“पहिलं.”

“येतो,” पेठे म्हणाले.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि लगेच लताताईंना फोन लावला. हॉल आपल्याला हवा आहे, म्हणाले. पहिलं पुष्प पेठ्यांचं. विषय तोच ठेवा, फक्त त्यापुढे ‘उत्तरार्ध’ लिहा. लताताई पलीकडे इतक्या भरभर बोलायला लागल्या की थोडा वेळ काही कळेना. मग त्या थांबल्या आणि घाबरतच म्हणाल्या, “आणि कॉलेजच्या मुलांचं काय करायचं?”

“त्यांना बोलवा. सगळ्यांना बोलवा.”

“मग बाकं काढून सतरंज्या घालू का? म्हणजे परत तसं नको व्हायला.”

“नको,” बाबा म्हणाले. “बाकं राहू देत. वाजवली तर वाजवू देत. पेठे थांबतील आणि मग पुढे सांगतील. मी जागेवरून उठणार नाही.”